एक हिवाळा बघू

आबांनी रेडिएटरवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं हात काढून घेत म्हणाले, "गार हाय."

मी समोरच्या उंच स्टुलावर कॉफी पीत बसलो होतो. खिशातून फोन काढला, ॲप उघडलं आणि आकडा त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. बावीस अंश. त्यांना कळावं म्हणून मी मुद्दाम फॅरनहाइटचं सेल्सियस करून ठेवलं होतं.

"आबा, घरात बावीस आहे. बावीस म्हणजे आपल्या इस्लामपूरची दिवाळीतली सकाळ."

आबांनी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या अंगात दोन स्वेटर होते, त्यांवर शाल, डोक्याला कानटोपी, पायांत बाहेरगावी कॉलेजला असलेल्या माझ्या मुलीचे जांभळे लोकरी मोजे. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"आसंल," ते म्हणाले. "मग मलाच वाजत आसंल."

हे ऐकून माझं समाधान झालं होतं, हे आज सांगताना लाज वाटते. एक माणूस माझ्यासमोर कुडकुडत होता आणि मी त्याला फोन दाखवून पटवत होतो की तो कुडकुडत नाही. पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण इमारतींमधल्या तापमानाचं नियंत्रण हा माझा धंदाच होता. बॉस्टनच्या आसपासची तीन इस्पितळं आणि एक अख्खं कॉलेज मी आखलेल्या पद्धतीनं गरम व्हायचं. आमच्या महाराष्ट्र मंडळात मी 'थंडीवर ताबा' या विषयावर चित्रफितींसह भाषण दिलं होतं आणि ते लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं. थंडी पडली की निम्म्या मंडळाचे फोन मला येत. माझं मत पडलं की पुढे चर्चा होत नसे.

आबा म्हणजे माझे सासरे, सर्जेराव निकम. इस्लामपूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात तेहतीस वर्षं बॉयलर हाऊसमध्ये होते, फोरमन म्हणून निवृत्त झाले. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मागे मोठ्या घरात ते एकटे, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी बायको वैजयंती, इथे अमेरिकेत इस्पितळाच्या औषधालयात. एकदा आबा न्हाणीघरात घसरून पडले आणि दोन तास तिथेच पडून राहिले. तेव्हापासून वैजूला झोप लागेना. तिनं अर्ज केले, खेटे घातले, कागद जमवले आणि आबांचं ग्रीन कार्ड आणलं. आबा सप्टेंबरात आले. येताना एकच अट घालून आले. म्हणाले, "एक हिवाळा बघू. थंडी सोसली तर ऱ्हातो कायमचा. न्हाई सोसली तर मला माघारी धाडायचं. मग रडायचं न्हाई."

वैजूनं ती अट आनंदानं मान्य केली. त्यांना अमेरिका आवडेल का, इथलं जेवण रुचेल का, कुणाशी बोलतील का, यातलं काहीच अटीत नव्हतं. नुसती थंडी. आणि थंडी हे तिच्या नवऱ्याचं खातं होतं. ती मला म्हणाली होती, "अहो, तुम्ही परक्यांची इस्पितळं उबेत ठेवता. माझ्या वडिलांसाठी एक घर ठेवा."

मी म्हणालो होतो, "त्यात काय मोठंसं."

आमचं घर शंभर वर्षांचं. तळघरात बॉयलर, त्याची वाफ एकेका पाइपातून वर चढून खोल्याखोल्यांतल्या बिडाच्या रेडिएटरांमध्ये जायची. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आबांना बॉयलर दाखवायला खाली नेलं. त्यांनी जिन्याच्या पायरीवर चपला काढल्या. खाली जाऊन बॉयलरला हात जोडले, भोवती एक फेरी मारली, पाण्याची काच वाकून पाहिली आणि म्हणाले, "ल्हान हाय, पर हाय." कारखान्यातल्या बॉयलरच्या पोटात आमचं अख्खं घर मावलं असतं. त्यानंतर रोज सकाळी ते एकदा खाली जाऊन यायचे. मला ते गमतीचं वाटायचं.

त्याच वेळी आमचं स्वयंपाकघर फोडायला काढलं होतं. तेव्हा मंडळात सगळ्यांचीच स्वयंपाकघरं फुटत होती. भिंत पाडायची, मधोमध एक दगडी ओटा बांधायचा, त्याला बेट म्हणायचं आणि आल्यागेल्याला त्याच्याभोवती उभं करून खायला घालायचं, अशी साथ होती. आमच्याकडे कारण मात्र खरं होतं. आबांनी येताना हातातल्या पिशवीत सासूबाईंचे देव आणले होते, पंचात गुंडाळून. खंडोबाचा टाक, अंबाबाई, बाळकृष्ण, आणि काचेच्या चिमणीचा एक पितळी दिवा. त्यांना नीट जागा हवी, आणि आबांना दिवसभर वैजूच्या नजरेसमोर बसता यावं असं मोठं स्वयंपाकघर हवं, म्हणून तिनं महिनाभर रजा टाकून हे काम काढलं होतं.

जी भिंत पाडली तिच्यावरच थर्मोस्टॅट होता. म्हणजे घरात किती ऊब आहे ते मोजून बॉयलरला चालू-बंद करणारी डबी. सगळ्या घराला मिळून ही एकच. प्लंबर फ्रँक हा साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं स्वयंपाकघरातला रेडिएटर उचलून खिडकीखाली बसवला आणि विचारलं, डबी कुठे लावू? मी त्याला थांबायला सांगितलं. दोन संध्याकाळी विचार केला. डबी खिडकीपासून लांब हवी, रेडिएटरपासून लांब हवी, शेगडीपासून लांब हवी, आतल्या भिंतीवर हवी, जमिनीपासून पाच फूट हवी. अशी एकच जागा निघाली. तिथे मी स्वतःच्या हातानं खूण केली, डबी बसल्यावर तिचा फोटो काढला आणि तो माझ्या पुढच्या भाषणात घातला.

मग देवांचा प्रश्न आला. सांगलीच्या मावशींनी व्हिडिओवरून बजावलं की देव ईशान्येला. वैजूनं फोनमधलं होकायंत्र धरून घरभर फेऱ्या मारल्या. ईशान्येची मोकळी भिंत एकच निघाली आणि ती माझीच निघाली. न्यू जर्सीहून सागवानी देवघर आलं, वर जाळी, जाळीवर लाकडी शिखर. ते त्या भिंतीला टेकवून, तिथल्या भिंतीलगतच्या ओट्यावर ठेवलं तेव्हा डबी शिखराच्या मागे गेली. मी पाणसळ लावून देवघर सरळ आहे ना ते तपासलं, सरळ होतं, आणि मान डोलावली. डबी आता दिसत नाही म्हणून वैजू खूश झाली, कारण देवाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा डबा तिला बरा दिसत नव्हता. आकडा मला फोनवर दिसतच होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघर तयार झालं आणि त्याच आठवड्यात घर गार पडलं.

मी आधी कुणाचंच ऐकलं नाही. वैजूनं दुकानातून एक साधा तापमापक आणून आबांच्या उशाशी ठेवला. त्यात चौदा दिसले. मी म्हटलं, असल्या स्वस्त वस्तूंवर विश्वास ठेवायचा नसतो. मग माझेच पाय गोठायला लागले तेव्हा मी मान्य केलं की काहीतरी बिघाड आहे, आणि कामाला लागलो. फ्रँकला तीनदा बोलावलं. हवा सोडणाऱ्या सगळ्या पुंगळ्या बदलल्या. वरच्या खोल्यांना जास्त वाफ मिळावी म्हणून मी खालच्या रेडिएटरांचे वाल्व अर्धे मिटले, तर घरात घण घातल्यासारखे आवाज सुरू झाले. आबा जेवता जेवता हळूच म्हणाले, "जावईबापू, वाफ ज्या वाटंनं जाती त्याच वाटंनं पाणी माघारी येतंय. वाल्व पुरा उघडा, न्हाईतर पुरा मिटा. अर्धा ठेवला की दोघं भांडत्यात." मी हसून विषय बदलला. दोन दिवसांनी फ्रँक इंग्रजीत तेच बोलला, तेव्हा मी वैजूला सांगितलं की माणूस अनुभवी आहे.

आवाज थांबले. थंडी तशीच राहिली. मी थर्मोस्टॅट बदलला. नवा सदोष निघाला असं ठरवून तिसरा आणला. तिन्ही मी त्याच जागी लावले, कारण जागेबद्दल मला शंका नव्हती. एकदा चिडून फोनवरून मागणी पंचवीसवर नेली. दिवसभर घर छान तापलं, वैजू गुणगुणत पोळ्या लाटू लागली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा गार. मी सत्तावीसवर नेली. पुन्हा एक दिवस ऊब, पुन्हा गार. वैजूनं विजेचा हीटर आणून आबांच्या खोलीत लावला, तर आबा म्हणाले त्यानं घसा धरतो, आणि तो बंद करून कपाटात ठेवून दिला. मी रात्रीच्या जेवणाला लॅपटॉप घेऊन बसायचो आणि आलेखांकडे बघत घास चावायचो. घरातलं तापमान फोनवर कायम बरोबर होतं. फक्त घरात नव्हतं.

आणि वैजू मोडत चालली होती. ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी आबांच्या गालाला हात लावून बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. तिचं ते बघणं मला फार लागायचं.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी वैजू कामावर गेली होती. दुपारी जेवून आबा वर पडायला गेले आणि मी लॅपटॉप घेऊन तळघरात उतरलो. आज काही सापडल्याशिवाय वर यायचं नाही असं ठरवलं होतं. एकच्या सुमाराला माझ्यासमोर बॉयलर आपोआप पेटला. मी कशालाही हात लावला नव्हता. पाणी उकळू लागलं, वाफ वर चढली, पाइप तडतडले. मी मुकाट्यानं जिना चढून वरच्या पायरीवर बसलो. तळघराचं दार स्वयंपाकघरात उघडतं, ते किंचित लोटलेलं होतं. फटीतून रेडिएटरच्या फुसफुशीचा आवाज येत होता. किती दिवसांनी मी तो आवाज ऐकत होतो. मला वाटलं, तिसरा थर्मोस्टॅट चांगला निघाला.

तेवढ्यात आबा खाली आले. स्वयंपाकघरात आल्या आल्या थबकले. हात रेडिएटरवर ठेवला आणि पटकन उचलला, चटका बसला असावा. मग ते देवघराकडे गेले. दिव्यातलं तेल संपून दिवा विझला होता. त्यांनी बाटलीतून तेल घातलं, वात सारखी केली, काडी ओढली, वर काचेची चिमणी बसवली. इथवर मी रोज बघत होतो तसंच होतं.

त्यानंतर त्यांनी दिवा देवांसमोरून उचलला आणि मागे, कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेवला. जाळीवरचं लाकडी शिखर अंगठाभर बाजूला सरकवलं. मान उंच करून वर पाहिलं, दिवा आणखी बोटभर डावीकडे घेतला. मग परत रेडिएटरपाशी येऊन, हात न लावता, कान देऊन उभे राहिले. चार-पाच मिनिटं गेली असतील. माझ्या पायांखाली बॉयलर विझला.

"हं," आबा म्हणाले. आणि मग देवांना हात जोडले.

मी दार ढकललं. आबा दचकले नाहीत. कारखान्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, आवाजाला दचकत नसे. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं अवसान गेलं आणि ते बेटाच्या स्टुलाऐवजी सरळ खालच्या चटईवर बसले.

"बघितलं व्हय," ते म्हणाले.

मी देवघरापाशी जाऊन शिखरामागे हात घातला. डबीच्या भिंतीवर चिमणीतून सरळ गरम झोत येत होता. हाताला चटका बसेल इतका. डबीला वाटायचं, घरच तापलंय. बावीस म्हणजे काय, तिथे चाळीस करता आले असते त्यांना. मी पंचवीस मागितले की त्यांनी दिवा मागे सरकवला होता, सत्तावीस मागितले की शिखर हलवलं होतं. तीन आठवडे माझ्या घरात दोन नियंत्रक काम करत होते आणि त्यांतला एक तेलवातीवर मला रोज हरवत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयले दोन दिस मलाबी कळलं न्हाई. देवाफुडं दिवा लावला आन् घर गार पडलं. तिसऱ्या दिशी बघितलं, दिवा इझला की खाली बॉयलर पेटतोय. मग डबी हुडकली."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगणारच हुतो. तुमची वाट बघत हितंच बसलो. बसल्या बसल्या मनात आलं, आता ह्ये सांगितलं की घर गरम हुणार. घर गरम झालं की मला ऱ्हावं लागणार."

"वैजाला मी न्हाई कसं म्हणू?" ते म्हणाले. "तिनं माझ्यासाठी भिती पाडल्या. तिच्या आईचं देव मांडलं. रोज इचारती, आबा, बरं वाटतंय न्हवं. हितं करमत न्हाई म्हणलं तर तिला लागंल. थंडी वाजती म्हणलं तर कुणाला काय लागत न्हाई." त्यांनी शालीनं नाक पुसलं. "तितं दरसाल धा-पंधरा पोरं येत्यात माझ्याकडं, बॉयलरच्या परीक्षेची. आंगणात बसत्यात. आबा, काच फुटली तर आधी काय बंद करायचं. आबा, पाणी खाली गेलं तर काय करायचं. मला इचारत्यात. हितं सकाळपासनं मीच इचारत फिरतोय. ह्यो नळ कसा सोडायचा. दार कसं लावायचं. वैजा कवा येणार. मी तितं पडलो तर पडलो, जावईबापू. निदान माझ्या घरात पडंन."

आता मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. त्यांचं दुःख माझ्यापर्यंत पोचायच्या आधी माझ्या मनात आलं की माझं काहीच चुकलेलं नव्हतं. बॉयलर ठीक, पाइप ठीक, तिन्ही थर्मोस्टॅट ठीक. माझ्या हातात फोन होता आणि वैजूचा नंबर सगळ्यात वर होता.

आबांनी ते ओळखलं. "सांगा तिला," ते म्हणाले. "तुमच्या कामाची अब्रू हाय. मी आडवा येणार न्हाई. आन् मग काय, ऱ्हातो हितंच. बोललोय तसं." आणि थोडं थांबून, अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "पर एक सांगा. ही भित तुमीच निवडलीती न्हवं?"

मी फोन खिशात ठेवला. वैजूला मी संध्याकाळी सांगणार होतो. संध्याकाळी ती दमून आली होती, तेव्हा मी ठरवलं की उद्या सांगू.

उद्या म्हणजे रविवारी मंडळातली चार कुटुंबं नवीन स्वयंपाकघर बघायला जेवायला आली. त्यांनी बेटाचं कौतुक केलं, दगडावर हात फिरवले आणि एकेक करून आपापले कोट परत अंगात घातले. वैजूनं भरल्या वांग्यांचं पातेलं गरमच राहावं म्हणून पंचात गुंडाळलं होतं. मंडळाचे सेक्रेटरी हातमोजे घालून मठ्ठा प्यायले आणि मला विचारलं की या वर्षी भाषणाचा विषय तोच ठेवायचा की बदलायचा. सगळे हसले. मीही हसलो. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं, दहा शब्दांचं, आणि ते उच्चारलं असतं तर त्या खोलीतला प्रत्येक माणूस गप्प झाला असता. ते माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. आबा कोपऱ्यात कानटोपी घालून ताटातला भात चिवडत बसले होते. त्यांनी वर बघितलंच नाही.

पाहुणे चारच्या सुमाराला गेले. वैजूनं भांडी तशीच ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, एकदाच विचारते," ती म्हणाली. "हे तुमच्याच्यानं होणार आहे की नाही? होणार असेल तर मी थांबते. नसेल तर मी त्यांना या गारठ्यात नाही ठेवणार. मी तिकीट काढते."

तिचा आवाज स्थिर होता, पण तिनं ओटा धरून ठेवला होता. मी आबांकडे पाहिलं. आबा चटईकडे बघत होते. त्यांच्या मुठीत दिव्याची काडेपेटी होती.

"नाही जमत मला," मी म्हटलं.

"नाही जमत?"

"सगळं करून बघितलं. मला नाही कळत काय बिघडलंय."

वीस वर्षांत मी हे वाक्य कुणापुढेही उच्चारलं नव्हतं. वैजू माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला दुसऱ्याच कुणाच्या घरात भेटलो होतो. मग ती खाली आबांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "गप, बाळ. त्यांनी लई केलं. घरच जुनं, त्याला कोण काय करणार."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. देव त्यांनी परत पंचात गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतले, दिवाही घेतला. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आम्ही घरी आलो. वैजूनं दार उघडलं, दोन पावलं आत गेली आणि थांबली. घर उबदार होतं. सगळे रेडिएटर फुसफुसत होते, स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरली होती. बावीस म्हणजे बावीस. तिनं कोटाची बटणं काढली, अगदी सावकाश, एकेक करून. कोट हातावर घेतला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"आबा गेले आणि घर गरम झालं," ती म्हणाली.

मी दार लावून घेतलं.

"तुम्हाला ते इथे नको होते का?"

हे मी धरलंच नव्हतं. तिनं मला नालायक समजावं एवढी माझी तयारी झाली होती, आणि त्याचंसुद्धा मला मनातून फार कौतुक वाटत होतं. पण तिला वाटत होतं की मी हे मुद्दाम केलं. आता बोलायला काही हरकत नव्हती. आबा विमानात बसले होते, त्यांना कुणी उतरवून आणणार नव्हतं. एका वाक्यात मी सुटलो असतो. पण ते वाक्य ऐकल्यावर तिला कळलं असतं की तिचे वडील तिच्याजवळ राहण्यापेक्षा महिनाभर थंडीत कुडकुडत बसायला तयार झाले. हे मी तिला कसं सांगणार होतो?

"काहीतरीच काय बोलतेस," मी म्हटलं. "हे तात्पुरतं आहे. बॉयलर मधूनच पेटतो आणि परत बंद पडतो. थांब, बघून येतो."

मी तळघरात गेलो, बॉयलरसमोर उभा राहिलो आणि त्याचं बटण बंद केलं. वर येऊन कोट न काढता बसलो. तीन-चार तासांत घर गार पडलं. वैजूनं परत कोट घातला, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो संशय जाऊन तिथे नुसती कीव आली. मला हायसं वाटलं.

त्यानंतर मी जे केलं ते माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात अचूक काम होतं. घर एकदम गरम झालं असतं तर तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली असती. म्हणून मी चौदापासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला एकच अंश वाढवायचा असं ठरवलं. दर शनिवारी मी पाने-पक्कड घेऊन खाली जायचो, पाइपांवर टकटक करायचो, हाताला काजळी फासायचो आणि वर येऊन म्हणायचो की थोडी प्रगती आहे. फ्रँकला एकदा बोलावून मी त्याला बॉयलर पुसायला लावला. त्यानं मला विचारलं की नक्की बिघडलंय काय. मी त्याला म्हटलं, बिघडलेलं काही नाही, पण कुणाला सांगू नकोस. तो पुसून गेला.

जानेवारीत एका रविवारी सकाळी आबांचा फोन आला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जॅकेटं घालून बसलो होतो. वैजूनं स्पीकर लावला. मागून पोरांचे आवाज येत होते, कुणीतरी मोठ्यानं काहीतरी वाचत होतं आणि आबा मधेच त्याला ओरडून दुरुस्त करत होते. ते आठवडाभरापूर्वी पुन्हा परीक्षेच्या पोरांना घेऊन बसू लागले होते. त्यांचा आवाज वेगळाच लागत होता. तिकडे थंडी आहे का, असं वैजूनं विचारलं, तर म्हणाले हितं कसली थंडी, झाडाखाली बसलोय. मग त्यांनी इकडची चौकशी केली.

"अजून गारच हाय का गं तुमच्यात?"

"गारच आहे. हे दर शनिवारी खाली जाऊन ठोकत बसतात. काही उपयोग नाही."

पलीकडे आबांचं पोराला दुरुस्त करणं एकदम थांबलं. पोरांचं वाचन ऐकू येत राहिलं. मी चहाच्या भांड्याकडे बघत राहिलो.

"वैजा," आबा शेवटी म्हणाले, "त्यांना काय बोलत जाऊ नगंस. लई गुणाचं हायत ते."

वैजूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी ती थोडीशी हसली. फोनवर हात ठेवून म्हणाली, "ऐकलंत? इतकं सोसून गेले, तरी तुमचीच बाजू घेतात."

"ऐकलं," मी म्हटलं. त्या आठवड्यात आम्ही अठरावर होतो. मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तिच्यासाठी अजून थोडा चहा टाकायला उठलो.